अकोल्याचा अर्धा तास

विमान हवेत असते तोवर ते वैमानिकाचे. जमिनीला टेकले की ते दुसऱ्याच माणसांच्या ताब्यात जाते. चाकांना ठोकळे लावणारे, पेट्रोल भरणारे, सामान चढवणारे. त्यांच्याबद्दल सहसा कुणी लिहीत नाही. मी त्यांच्यात काही वर्षे काढली. त्या नोकरीचा विषय निघाला की मला अजूनही आधी शिडी चढणाऱ्या हमालांच्या पोटऱ्या आठवतात, मग बाकीचे.

त्याआधी मी अमरावतीच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. युद्धात कागद मिळेनासा झाला आणि पत्र बंद पडले. युद्ध संपल्यावर लष्कराची जुनी डकोटा विमाने विक्रीला निघाली, ती घेऊन बऱ्याच लोकांनी विमान कंपन्या काढल्या. त्यांतल्या एकीला अकोल्यात स्थानक-प्रमुख हवा होता. कमी शब्दांत अचूक तार लिहिता येते, एवढ्या पात्रतेवर मला घेतले. विमान मी तोवर फक्त खालून पाहिले होते.

विमानतळ म्हटल्यावर आज जे डोळ्यांपुढे येते ते वाचकाने बाजूला ठेवावे. काळ्या जमिनीत मुरूम टाकून लष्कराने केलेली एक धावपट्टी, तिच्या टोकाला बाभळी, एक पत्र्याचे शेड, वारा दाखवणारी कापडी नळी, पेट्रोलची पिंपे, आणि गुरे हाकायला एक चौकीदार. विमान मुंबईहून येई, अकोल्याला थांबे आणि नागपूरला जाई. नागपुरात उत्तरेकडे जाणारे दुसरे विमान त्याची वाट पाहत असे. फार वेळ पाहत नसे. अकोल्याला उशीर झाला की नागपूरचा मेळ चुकायचा. दिल्लीचे उतारू आणि दिल्लीचा माल रात्रभर नागपुरात पडून राहायचा.

वेळापत्रकात अकोल्याचा थांबा अर्ध्या तासाचा होता. प्रत्यक्षात तो तासाच्या पुढे जाई. मी रुजू झाल्यावर थोड्याच दिवसांत मुंबईहून कंपनीचे दस्तूर नावाचे अधिकारी आले. सडपातळ, मितभाषी पारशी गृहस्थ. शेडमधल्या एकुलत्या खुर्चीवर न बसता त्यांनी उभ्यानेच सांगितले, "उन्हाळा संपेपर्यंत हा थांबा अर्ध्या तासात बसवा. नाहीतर अकोला बंद. मुंबई ते नागपूर सरळ."

थांबा गेला असता तर माझी नोकरी गेली असती. पण मला दुसरी मिळाली असती. ज्यांचे खरोखर काही जाणार होते ते दोघे भाऊ पातूरच्या बाजूचे होते. थोरला तुळशीराम, धाकटा किसन. नाल्याकाठी त्यांचा विड्याच्या पानांचा मळा होता. पान रेल्वेने उत्तरेत पाठवले तर उन्हाळ्यात अर्धे वाटेतच काळे पडे. मळ्यात दोन कुटुंबांचे भागेना, म्हणून किसन बरीच वर्षे अकोल्यात कापडगिरणीत होता. विमान सुरू झाले, दिल्लीच्या व्यापाऱ्याने ताजे पान पाहून मागणी वाढवली, तेव्हा तुळशीरामने शेजारच्या जागेत नवा वेल लावला आणि भावाला गिरणीतून परत आणले. किसनची बायकामुले जठारपेठेतली खोली सोडून मळ्यावर राहायला आली.

दस्तूर जाऊन दोन-तीन दिवस झाले असतील. तुळशीरामजी पानांचे करंडे उतरवून माझ्यापाशी आले.

"सायेब, आयकलं ते खरं हाय काय?"

"खरं आहे."

"मंग पाहा बाप्पा. थांबा हाय तवर किसना हाय. थांबा गेला का तो पुन्हा गिरनीत जाईन. मी त्याले एकदा आनलं, दुसऱ्यांदा आनता येनार नाई मले."

आणि ते करंड्यांवर पाणी शिंपडायला गेले.

सुधारणा सुचवण्याआधी मी काही दिवस फक्त पाहत राहिलो. वृत्तपत्रात तीच सवय लागलेली असते: आधी काय घडले, मग कशाच्या मागून काय घडले, का घडले ते सर्वांत शेवटी. माझी समजूत होती की वेळ पेट्रोलमध्ये जातो. पिंपातून हातपंपाने उपसायचे, मऊ कातड्यातून गाळायचे, हे काम दिसायला सावकाश होते. पण वेळ तिथे जात नव्हता. वेळ माणसांत जात होता.

पहिला खर्च निरोपाचा. विमानाने जाणारा माणूस एक असला तरी त्याला पोचवायला बैलांच्या दमण्या भरून माणसे येत. विमान उभे राहिले की शिडीपाशी ओवाळणे, हातावर दही, पाया पडणे, पुन्हा एकदा पाया पडणे. एकाने विमानाच्या चाकावर नारळ फोडला, त्याची करवंटी चाकाखालून काढण्यात बराच वेळ गेला. मी नियम केला: निरोप कुंपणाबाहेरच्या निंबाखाली, आणि तोही विमान दिसण्याच्या आधी. पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्या बाईंनी मला अडवले. त्यांचा मुलगा मुंबईहून आला होता आणि नागपूरला निघाला होता.

"गाडी नाई आली अन् निरोप कोनाले देऊ? पोरगं तं इथंच उभं हाय!"

"आजी, विमान थांबत नाही."

"थांबत नाई? मंग इथं कायले येते?"

आजींनी विमान दिसेपर्यंत दह्याची वाटी पदराखाली धरून ठेवली आणि ते आभाळात दिसताक्षणी मुलाच्या हातावर दही घातले. नियम मोडला नाही आणि पाळलाही नाही. पुढे सगळ्यांनी तोच रिवाज धरला.

दुसरा खर्च वजनाचा. विमानात किती वजन चढते हे वैमानिकाला उड्डाणाआधी कळावेच लागते, म्हणून त्या काळी सामानाबरोबर उतारूंनाही काट्यावर उभे करत. आमचा काटा सरकी काढणाऱ्या एका जिनाच्या मोडीतून आणलेला होता, हे सगळ्या अकोल्याला माहीत. तालुक्यातले एक देशमुख, अंगाने भारदस्त, काट्यापुढे येऊन उभे राहिले आणि मागे वळून आपल्या लवाजम्याकडे पाहू लागले.

"मी काय रुईची गठान हाव काय? देशमुखाले तोलून राहिले तुमी?"

हमालांचा मुकादम चांदभाई हात जोडून म्हणाला, "मालक, इमानाले तुमचं वझं समजलं पायजे."

"आमचं वझं गावाले समजते. इमानाले काय समजून घ्याचं ते घेऊ दे!"

त्या दिवशी त्यांचे वजन अंदाजाने लिहिले. नंतर आम्ही शेडची जमीन खणून काटा फरशीच्या पातळीला बसवला, वर सतरंजी टाकली आणि काट्याची दांडी पडद्यामागे घेतली. तिकीट दाखवायला उतारू सतरंजीवर उभा राही, तेवढ्यात पडद्यामागे चांदभाई वजन घेई. पुढच्या खेपेला देशमुख त्याच सतरंजीवर उभे राहून काट्याविरुद्ध पाच मिनिटे बोलले. ते गेल्यावर पडद्यामागून आवाज आला, "अर्ध्या गठानीच्या वर हायेत सायेब. कापूस असता तं भाव चांगला आला असता."

ही कामे आधी उरकली आणि थांबा बराच खाली आला. तत्त्व साधे होते: जे काम विमान उभे असतानाच करावे लागते तेवढेच विमान उभे असताना करायचे, बाकी सगळे ते येण्याआधी. छापखान्यात पहाटेचे शेवटचे पान यंत्रावर चढते तेव्हाही हेच असते. हे किसनला सांगावे लागले नाही. गिरणीत साचा, म्हणजे माग, बंद ठेवून कुणी बॉबिन शोधायला जात नाही, एवढे त्याने उत्तर दिले. मळ्याच्या करंड्यांबरोबर तो रोज येई, आणि हळूहळू चांदभाईचे हमाल त्याच्याकडे पाहून उचलू लागले. सामानाचा कुठला डाग आधी जायचा, कोण शिडीवर, कोण आत, हे त्याने ठरवून टाकले. त्याला पगार कंपनीचा नव्हता. करंडे वेळेवर नागपुरात पोचणे हाच त्याचा पगार.

तरीही अर्ध्या तासात आम्ही काही दिवस बसत होतो आणि काही दिवस नाही. दस्तूर पुन्हा आले. त्यांनी पाहिले की पानांचे करंडे विमान आल्यावर तोलले जातात. त्यांनी हुकूम केला की तेही सकाळीच तोलून, वजन लिहून, शेडमध्ये रांगेत ठेवावेत. हुकूम बिनचूक होता. त्या आठवड्यापासून थांबा अर्ध्या तासाच्या आत राहू लागला.

मग एके दुपारी विमान धावपट्टीवर धावत सुटले आणि उठेचना. पट्टी संपत आली, बाभळी जवळ आल्या, आणि अगदी शेवटी चाके सुटली. बाभळीचे शेंडे हललेले आम्ही सगळ्यांनी पाहिले.

दोन दिवसांनी तेच वैमानिक परत आले. शिडीवरूनच त्यांनी विचारले, "तुमच्या कागदावरचे वजन कुणी लिहिले?"

"मी."

"ते खोटे आहे."

संशय आधी हमालांवर गेला. चोरून कुणाचे डाग चढवतात की काय, असे मी चांदभाईला विचारले. तो चिडला, आणि त्याचे चिडणे रास्त होते. "आमची झडती घ्या, सायेब. पन आदी तुमचा काटा पाहा." काटा पाहिला. काटा बरोबर होता. मग सकाळी तोललेले करंडे दुपारी पुन्हा तोलले. ते जड झालेले होते, एकूण एक.

कारण समोरच होते, रोज दिसत होते. पान सुकू द्यायचे नाही म्हणून तुळशीरामजी आणि किसन दर थोड्या वेळाने करंड्यांवर पाणी मारत. आधी विमान आले की करंडे तोलून लगेच चढत, म्हणून पाण्याला वेळच मिळत नसे. आता ते सकाळपासून दुपारपर्यंत पत्र्याच्या शेडमध्ये तापत, आणि तुळशीरामजी तितक्या वेळा त्यांना भिजवत. केळीची पाने, बांबू, आतले गवत सगळे पाणी पीत होते.

मी त्यांना काट्यापाशी नेऊन दाखवले. त्यांनी दांडी बोटाने हलवून पाहिली.

"पान तं तेवढंच हाय. एक बी जास्त नाई. मोजून देतो."

"पान तेवढंच आहे. पाणी जास्त आहे."

"पान्याचं बी वझं धरता तुमी?"

यात लबाडी नव्हती. विड्याचे पान शेकड्यावर मोजून विकतात. वेलावरून खुडल्यापासून गिऱ्हाइकाच्या तोंडात जाईपर्यंत ते कुठल्याही काट्यावर चढत नाही. कापूस विकणाऱ्याला हे समजावून सांगावे लागले नसते. कापूस भिजवला तर वजन वाढते हे त्याला नको तितके ठाऊक असते. पानवाल्याच्या हिशेबात वजन नावाची गोष्टच नव्हती.

पाणी बंद केले तर दिल्लीत पान मरगळलेले पोचे. विमान आल्यावर तोलले तर अर्धा तास हातचा जाई. शेवटी किसननेच मार्ग काढला: करंडे आधी पुरते भिजवायचे, थेंब गळू लागेपर्यंत, आणि तेच वजन लिहायचे. मग दिवसभर कितीही पाणी मारले तरी त्याहून जड होणार नाहीत. फक्त त्या वजनाचे भाडे द्यावे लागणार होते.

"म्हंजे नाल्याच्या पान्याचं भाडं?" तुळशीरामजी म्हणाले. "दिल्लीले पानी पाठोयाचं, अन् वरून आमीच पैसे द्याचे?"

"दादा, साचा बंद ठेवल्यावर बी पैसे जातेतच," किसन म्हणाला.

"तुह्या गिरनीच्या गोष्टी मले नोको सांगू." पण ते कबूल झाले.

उन्हाळ्याच्या शेवटच्या टप्प्यात दस्तूर पाहणीला आले आणि रोज घड्याळ घेऊन शिडीपाशी उभे राहू लागले. आठवडाभर सगळे अर्ध्या तासात बसले. तुळशीरामजी त्या दिवसांत मळ्यावर गेलेच नाहीत, शेडमागे निंबाखाली झोपत, आणि विमान उठले की मला विचारत, "झालं?" मी मान हलवली की तंबाखू काढत.

पाहणीच्या अखेरच्या दिवशी ऊन फार होते. वारा पडला होता; कापडी नळी बांबूला चिकटून लोंबत होती. तापलेली हवा विरळ होते आणि पंखांना तिच्यात आधार कमी मिळतो. समोरून वारा असला तर थोडी भरपाई होते. त्या दिवशी गार हवाही नव्हती आणि वाराही नव्हता. सामान चढले, उतारू चढले, दार लागायचे होते. वेळ हातात होता, थोडा होता पण होता. वैमानिक खिडकीतून कापडी नळीकडे पाहत होते. त्यांनी मला वर बोलावले.

"वजन कमी करावे लागेल."

"कागद बरोबर आहे."

"कागद बरोबर आहे. हवा बरोबर नाही. कदाचित उठेल. उठेलच असे मी म्हणत नाही."

डाक उतरवता येत नाही. उतारू उतरवायला दहा जणांशी वाद घालावा लागतो. राहिले करंडे, आणि ते किसनच्याच क्रमाने सर्वांत आधी, सर्वांत पुढे गेलेले. ते काढायचे तर मागचे सगळे सामान बाहेर घ्यावे लागणार होते. म्हणजे अर्धा तास संपणार.

मी खाली उतरलो. शिडीपाशी दस्तूर घड्याळ धरून, त्यांच्या पलीकडे किसन आणि तुळशीरामजी. मी जे होते ते सांगितले. किसन भावाकडे पाहू लागला. तुळशीरामजी बाभळींकडे पाहत होते.

"दादा, त्या दिसी बी उठलंच होतं."

"त्या दिसी मले ठाव नव्हतं," तुळशीरामजी म्हणाले. "आज ठाव हाय. काढ."

किसन आत गेला. इतक्या वेगाने सामान उतरताना मी पुन्हा कधी पाहिले नाही. सामान बाहेर आले, करंडे बाहेर आले, बाकीचे परत चढले. कुणी ओरडले नाही, कुणी काही आपटले नाही. तरी उशीर झालाच. विमान पट्टीच्या मध्यावर अलगद उठले आणि बाभळींवरून पुष्कळ उंचीने गेले.

दस्तूर घड्याळ खिशात ठेवत मला म्हणाले, "तुमी बरोबर केला. हे मी लिहीन." आणि पुढे म्हणाले, "पण टाइम पण लिहीन."

त्यांनी दोन्ही लिहिले असणार. ते तसे गृहस्थ होते. मुंबईत त्यांतले काय वाचले गेले ते मला माहीत नाही. पावसाळा लागण्याच्या सुमारास थांबा बंद केल्याची तार आली. तार चांगली लिहिलेली होती. एकही शब्द जास्त नव्हता. तिच्यामागून दुसरी आली, ती किसनसाठी. नागपूरच्या तळावर सामान चढवणाऱ्या टोळीचा मुकादम म्हणून त्याला पगारी जागा. शिफारस दस्तूर यांची होती.

ती तार मी मळ्यावर जाऊन वाचून दाखवली. किसन म्हणाला, जात नाही. नव्या वेलाला अजून वर्ष हवे, एकट्याने होणार नाही. तुळशीरामजींनी त्याला मध्येच तोडले.

"गिरनीत गेला असता तं मी तुले आडवा झालो असतो. हे गिरनी नोय. जाय."

"अन् मळा?"

"मळा कुठी पळून जाते?"

किसन बायकामुलांसह नागपूरला गेला. नवा वेल अर्धा राहिला. तुळशीरामजी पान पुन्हा रेल्वेने पाठवू लागले, आणि जे काळे पडे ते पडे. मी अमरावतीला परतून दुसऱ्या पत्रात लागलो.

वर्षा-दीड वर्षानंतर बडनेऱ्याहून गाडीने अकोल्याला काही कामासाठी गेलो असताना पातूरच्या मोटारीत बसून मळ्यावर गेलो. कुंपणाशी चपला काढून आत शिरलो. आत गार अंधार होता. तुळशीरामजी खुडत होते. दोन पाने खुडायची, हातातल्या जुडीवर ठेवायची, पुढच्या वेलाकडे सरकायचे. मला पाहून "या" म्हणाले आणि खुडत राहिले. आम्ही वेलाच्या रोगाबद्दल बोललो, देशमुख वारले त्याबद्दल बोललो.

दुपार कलल्यावर वरून आवाज आला. मुंबईचे विमान नागपूरकडे चालले होते. पानांच्या छतातून ते दिसणे शक्य नव्हते आणि तुळशीरामजींनी मान वर केलीही नाही. त्यांचा हात मात्र वेलावर थांबला. आवाज पार जाईपर्यंत तो तसाच होता.

"आज लय उशीर झाला," ते म्हणाले. "तिकडे किसनाले पानी प्याले फुरसत भेटनार नाई."

मी सवयीने घड्याळ पाहिले. विमानाला खरोखरच उशीर झाला होता.